लेकरू ज्या भाषेत भांडतं, त्याच भाषेत त्याला प्रार्थना करू दे

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 6 ची, राहणं बेळगावात, शाळा इंग्लिश मीडियम, गल्लीत कन्नड, घरात मराठी. मालक उद्यमबागला फाउंड्रीत शिफ्टला, चर्चला येत नाहीत. सासूबाई म्हणतात पोरं हाताबाहेर चालली. रविवार उजाडला की मुलाच्या पोटात दुखतं आणि परवा त्यानं जेवताना विचारलं की शेजारच्या आजी नरकात जाणार काय. आणि तुम्ही विचारलंय की मुलांना ख्रिस्ती विश्वासात वाढवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, रोज बायबलमधली किती वचनं पाठ करून घ्यायची, कुठलं पुस्तक आणायचं.

मी कोणी पाळक नव्हे बघा. प्राथमिक शाळेत बाई होते, आता रिटायर, आणि 32 वर्षं संडे स्कूल घेतलं, आमच्या आईच्या तोंडी ते शेवटपर्यंत शब्बाथशाळाच होतं. म्हणजे आधी मी शिकवलेली पोरं आता आपली पोरं घेऊन येतात. त्यामुळं काय चालतं आणि काय चालत नाही हे मला पुस्तकापेक्षा या पोरांकडनं जास्त कळलंय, आणि थोडं माझ्या स्वतःच्या चुकीतनं, ते पुढं सांगते.

पहिली गोष्ट, पुस्तक आणू नका. निदान आत्ता तरी नको.

एक प्रसंग सांगते. आमच्या वर्गात 9 वर्षांचा एक पोरगा होता, वडील मराठी, आई बैलहोंगलकडची कन्नड. प्रार्थना असली झकास म्हणायचा की मोठी माणसं डोळे उघडून बघायची, "हे दयाळू कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरं" असं सगळं घडाघडा, अगदी एखाद्या जुन्या पाळकासारखं. एकदा मी सहज विचारलं, बाळ, अपात्र म्हणजे काय रे? तो म्हणाला, ज्याच्याकडं ताट नाही तो. मला हसू आवरेना, आणि घरी येऊन रडू पण आलं, कारण ते मीच पाठ करून घेतलेलं. पुढं पावसाळ्यात त्याचं कुत्रं ट्रकखाली गेलं. मी भेटायला गेले तर हा परसात गोणपाटाशेजारी बसलेला आणि वर बघून नुसतं म्हणत होता, "देवरे, याके? देवरे, याके?" देवा, का, देवा, का. ती त्याची पहिली खरी प्रार्थना. वर्षभर तो माझ्यासमोर जे म्हणत होता ते पाठांतर होतं.

तेव्हापासनं माझा एकच नियम आहे. लेकरू ज्या भाषेत भांडतं, ज्या भाषेत रडतं, त्या भाषेत त्याला देवाशी बोलू द्यायचं. तुमचा मुलगा मित्राशी क्रिकेटमध्ये आउट-नॉटआउटवरनं कुठल्या भाषेत भांडतो? कन्नडात ना? मग रात्री त्याला कन्नडात बोलू दे. इंग्लिश-मराठी खिचडी करत असेल तर खिचडीत बोलू दे. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना मात्र दोन्ही भाषांत शिकवा, मराठीतली "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आणि कन्नडातली "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये". दोन्ही येणाऱ्या पोराला कुठल्याही चर्चमध्ये परकं वाटत नाही, निपाणीला गेलं काय आणि गोकाकला गेलं काय. भाषेवरनं भांडणं आपल्या जिल्ह्यात बाहेर आहेत तेवढी पुरेत, ती देवघरात आणायला नकोत.

आता तुम्ही म्हणाल मग मराठी जाणार. जाणार नाही, खरं त्यासाठी वेगळं काम करावं लागतं. आजची आपली अडचण ही आहे की पोरं मराठी बोलतात आणि देवनागरी वाचायला अडखळतात. इंग्लिश मीडियमवाल्यांना हिंदीमुळं थोडंफार येतं, कन्नड मीडियमच्या लहान पोरांना तेही नाही. मग चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक हातात देतो आणि पोरगं ते उलटं धरून बसतं, त्याला कंटाळा येणार नाही तर काय. तुमच्या मुलाच्या पोटदुखीत अर्धा भाग हा असू शकतो. त्याला अविश्वास म्हणू नका, त्याला वाचता येत नाही आणि 11 व्या वर्षी हे कबूल करायची लाज वाटते, एवढंच. संडे स्कूल मुळात कशासाठी निघालं माहीत आहे काय, इंग्लंडात ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स म्हणून एक वर्तमानपत्रवाला होता, त्यानं 1780 मध्ये आठवडाभर काम करणाऱ्या गरीब पोरांना रविवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, लिहायवाचायला शिकवायचं सुरू केलं. म्हणजे अक्षरओळख हा संडे स्कूलचा मूळ धंदा. म्हणून मी शेवटची आठ-दहा वर्षं तासातली पहिली 10 मिनिटं बाराखडीला देत होते, काही पालकांनी नाकं मुरडली की हे काय शाळा आहे काय. मी म्हटलं, होय, शाळाच आहे.

सोपी मराठी पण महत्त्वाची बघा. पंडिता रमाबाई आपल्याच कर्नाटकात, घाटातल्या गंगामूळला 1858 मध्ये जन्मल्या, संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, खरं बायबलचं भाषांतर करायला बसल्या तेव्हा त्यांनी मुद्दाम साध्या बायकांना कळेल अशी भाषा धरली. मग आपण सहा वर्षांच्या पोरीला "अनुग्रह" आणि "प्रायश्चित्त" कशाला सांगायचं? अनुग्रह म्हणजे काय तर आजीनं दिलेला खाऊ, जो कमवावा लागत नाही. एवढं पुरे, बाकीचं मोठी झाल्यावर.

पाठांतराचं तुम्ही विचारलंय. पाठांतर वाईट नाही, मी विरोधात नाही, खरं आठवड्याला एकच वचन आणि ते दिसलेल्या गोष्टीला चिकटवलेलं पाहिजे. बायबलातलं 23 वं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही." शहरातल्या पोरांना मेंढपाळ म्हणजे नाताळच्या नाटकात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला पोरगा. एका वर्षी सुगी झाल्यावर मी वर्गातली 14 पोरं घेऊन चिकोडीकडच्या एका ओळखीच्या रानात गेले, तिथं धनगर मेंढरं बसवायला आलेले. शेतकरी रात्री मेंढरं रानात बसवून घेतात, खत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतात, आपल्या भागातल्या लोकांना हे नवीन नाही, खरं पोरांना नवीन होतं. पोरांनी बघितलं की नुकतं जन्मलेलं कोकरू चालू शकत नाही म्हणून धनगरानं ते घोंगडीच्या खोळीत घातलंय आणि त्याची आई मागनं ओरडत चाललीय. काठी कशाला, तर एका पोरीनं विचारलं मारायला काय? तो हसला आणि म्हणाला मेंढराला मारून मेंढरू येतंय काय, काठी लांडग्याला आणि मेंढराला वळवायला. परत येताना टेम्पोत मी म्हटलं आता म्हणा, "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." मला त्या दिवशी काही समजावून सांगावं लागलं नाही. गाडीभाडं धरून सगळा खर्च एका गाण्याच्या स्पर्धेच्या बक्षिसांपेक्षा कमी आला होता, हे कमिटीला मी आवर्जून सांगितलं.

तुम्हाला धनगर शोधत फिरायला सांगत नाही. खरं घरात पीठ मळताना खमीर दाखवता येतं, इडलीचं पीठ रात्रभर फुगतं ते दाखवा आणि देवाचं राज्य खमिरासारखं आहे ही गोष्ट तिथंच सांगा. मोहरीची फोडणी घालताना मोहरीचा दाणा तिच्या तळहातावर ठेवा, देवाचं राज्य त्या दाण्यासारखं आहे असंही येशूनं सांगितलंय. बायबलात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या 6 व्या अध्यायात हेच आहे, घरी बसलेलं असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी याविषयी बोलत जा. त्यात रविवारी 9 वाजता असं कुठंच नाही.

रात्रीची प्रार्थना छोटी ठेवा. माझा हिशेब साधा आहे, लेकराचं जेवढं वय त्याच्या निम्मी मिनिटं. सहाच्या पोरीला तीन मिनिटं भरपूर. आजी-आजोबा प्रार्थना करायला लागले की सगळे नातेवाईक, मुंबईचे पुण्याचे, आजारी, परीक्षेवाले, सगळे येतात आणि पोरगं गुडघ्यावरच झोपतं, हे आपल्या सगळ्यांच्या घरचं चित्र आहे. खानापूरकडच्या कोकणी कॅथलिक घरांचा मला यात थोडा हेवा वाटतो, त्यांच्याकडं सांजेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ठरलेली, लहान-मोठे सगळे एकत्र, आणि शब्द ठरलेले त्यामुळं कोणी लांबण लावू शकत नाही. आपल्यात मोकळी प्रार्थना म्हणजे भाषणाची हौस भागवायची जागा होते कधी कधी. आणि तक्रार करू द्या मुलांना देवाकडं. स्तोत्रसंहितेत केवढ्या तक्रारी आहेत, 13 वं स्तोत्र तर "किती वेळ" नंच सुरू होतं. "देवा आज टीचरनं मला उगीच मारलं, मला तुझा राग आलाय" असं पोरगं म्हणालं तर मध्येच तोंड दाबू नका.

आता नरकाचा प्रश्न. हा प्रश्न 10-11 वर्षांचं प्रत्येक पोरगं विचारतं, विशेषतः आपल्याकडं, जिथं गल्लीत ख्रिस्ती घर एखादं. तुमच्या मुलाला शेजारच्या आजीची काळजी वाटते म्हणजे काहीतरी बरोबर चाललंय. उत्तरात पट्कन हो किंवा नाही म्हणू नका. मी अब्राहामाची गोष्ट सांगते, देव सदोम गावाचा नाश करणार असतो आणि ते वाचावं म्हणून तो देवाशी घासाघीस करतो, पन्नास माणसं असली तर, चाळीस असली तर, करत करत दहावर आणतो, आणि म्हणतो की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय. मुलाला म्हणायचं, आजीचा न्याय करायचं काम तुझं पण नाही आणि माझं पण नाही, तो ज्याचा आहे तो चांगला आहे. तुझं काम आजीची औषधं आणून द्यायचं. काही लोकांना हे उत्तर कच्चं वाटेल, मला माहीत आहे, माझ्या चर्चमध्येही वाटतं. खरं 11 वर्षांच्या पोराच्या डोक्यात शेजारणीला नरकात बसवून तुम्ही त्याला ख्रिस्ताजवळ आणणार कसं?

यालाच लागून प्रसादाचा प्रश्न, तुम्ही विचारला नाही खरं गणपतीत येणारच. इथं एक गोष्ट सांगते जी मला अजून लागते. बाहेरनं आलेल्या एका प्रचारकाचं कडक भाषण ऐकून आमच्यातल्या एका पोरानं शेजारच्या काकूंनी दिलेला मोदक त्यांच्यासमोर गटारीत टाकला. काकू काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. मला दुसऱ्या दिवशी कळलं, मी त्या पोराला आणि त्याच्या आईला घेऊन काकूंच्या दारात गेले आणि पोराला माफी मागायला लावली, मी पण मागितली. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात 8 वा आणि 10 वा अध्याय याच्यावरच आहे, वाचून बघा. मूर्ती काही नाही हे तो म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं काही न विचारता खा म्हणतो, आणि हा नैवेद्य आहे असं कोणी सांगितलंच तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका म्हणतो. आमच्या घरात आम्ही असं धरलं, फराळ म्हणून आलं तर खायचं, प्रसाद म्हणून हातावर ठेवला तर हात जोडून "काकू आम्ही घेत नाही, खरं घरी येणार हं" म्हणायचं, आणि नक्की जायचं. दुसऱ्या घरात वेगळं धरतात, त्यावरनं मी कुणाशी वाद घालत नाही. अन्न टाकायचं नाही आणि कुणाच्या देवाची थट्टा करायची नाही, याला मात्र माझ्याकडं माफी नाही. ढोल-ताशा बघायला गॅलरीत उभं राहिलेल्या पोराला आत ओढू नका, ताल आवडणं पाप नव्हे. त्याच पोराच्या हातात चर्चमध्ये ढोलकी द्या.

हे खरंच करा. आपल्याकडं गाणी म्हटलं की अजून कितीतरी जणांना साहेबी चाल लागते. नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी मराठी चालीत, अभंगात, ख्रिस्ताची गाणी लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली, टाळ-पेटी घेऊन. शाळेत कुणी तुमच्या मुलाला "तुमचा धर्म फॉरेनचा" म्हटलं तर त्याला भांडायला शिकवण्यापेक्षा हे सांगून ठेवा. गोव्यात फादर स्टीफन्सनं 1616 मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे, आणि बेळगावात लंडन मिशन 1820 ला आलं, 1904 ला ते काम मेथॉडिस्टांकडं गेलं, म्हणजे त्याच्या शाळेच्या बिल्डिंगपेक्षा आपली उपासना जुनी असायची शक्यता आहे. पोरांना असलं काही माहीत असलं की मान ताठ राहते, आवाज चढत नाही.

तुमच्या मालकांबद्दल. तुम्ही लिहिलंय "ते येत नाहीत म्हणून मुलगा पण येत नाही". खरं आहे, पोरगं बापाकडं बघतं. तरी मुलांसमोर त्यांना बोल लावू नका. टिळकांचंच बघा, त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, 1900 चा. मधली वर्षं दोघांनाही सोपी नव्हती, आणि त्या आल्या ते स्वतःच्या मनानं, कुणी ओढून आणलं म्हणून नाही. आठवडाभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस रविवारी झोपला तर तो देवाच्या विरोधात गेला असं होत नाही. त्यांना उपासनेला बोलावू नका, कामाला बोलवा. गेल्या वर्षी आमच्याकडं असाच एक फिटर माणूस घंटेचा दांडा वेल्डिंग करायला आला, मग पंखे बघायला आला, आता दाराशी उभा असतो, आत बसत नाही, खरं असतो. त्याचा पोरगा त्याच्या शेजारी उभा असतो.

लोईस आणि युनीके आठवा, पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याची आजी आणि आई. त्याचा बाप ग्रीक होता, प्रेषितांच्या कृत्यांत 16 व्या अध्यायात आहे. पौल त्या पोराचा विश्वास कुठनं आला सांगताना आजीचं आणि आईचं नाव घेतो. म्हणजे तुमचं घर काही पहिलंच नाही असलं.

आता माझी चूक. माझा थोरला. मी संडे स्कूलची बाई, म्हणून माझं पोरगं सगळ्यात पुढं पाहिजे, वचन त्यालाच आधी आलं पाहिजे. चुकलं की शिक्षा म्हणून मी त्याला नीतिसूत्रांचा अख्खा अध्याय लिहायला बसवायचे. सुंदर अक्षर आहे त्याचं अजून. 19 व्या वर्षी इंजिनिअरिंगला बाहेर गेला आणि चर्च सुटलं. आता पुण्यात असतो, नाताळला येतो, करंज्या तळायला मला मदत करतो, मध्यरात्रीच्या उपासनेला मला स्कूटरवरनं सोडतो आणि बाहेर चहाच्या गाड्यावर थांबतो. एकदा म्हणाला, आई, मला बायबल उघडलं की हात दुखतात. बापांनो आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, असं इफिसकरांस पत्रात आहे, आयांनो असं लिहिलेलं नाही म्हणून मी वाचले असं नाही. मी त्याची माफी मागितली, तो "सोड गं" म्हणाला. म्हणून सांगते, वचन कधीही शिक्षा म्हणून देऊ नका. भांडी घासायला लावा, मोबाईल काढून घ्या, काहीही करा, खरं वचन नको.

आणि तुम्ही चुकलात की मुलांसमोर कबूल करा. "मी आज तुझ्यावर उगीच ओरडले, देवा मला माफ कर, आणि बाळ तू पण कर" हे एकदा त्यांच्या कानावर पडलं की क्षमेवर दहा धडे घ्यायची गरज नाही.

मुलाला जबरदस्तीनं आणायचं की नाही, हे राहिलं. 11 वर्षांचा आहे, अजून तुमच्या हातात आहे, घरचे सगळे जातात तिथं तोही येतो एवढं ठरवायला हरकत नाही, जशी शाळा ठरवता. खरं तिथं त्याला काम पाहिजे. नुसतं बसायचं म्हटलं तर मोठ्यांना पण जड जातं. पडद्यावर गाण्याच्या ओळी लावायला ठेवा, अर्पणाची थैली फिरवायला द्या, लहान पोरांच्या चपला लावायला द्या. रविवारची ट्यूशन असेल तर ती शनिवारी करून घ्या, ट्यूशनवाले ऐकतात, आधी सांगावं लागतं. 14-15 चा झाला की दृढीकरणाचा, म्हणजे चर्चमध्ये स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा, विषय निघेल, तेव्हा मात्र त्याला ढकलू नका, वर्षभर थांबतो म्हणाला तर थांबू दे. लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी वचन तुम्ही दिलेलं, हे त्याचं स्वतःचं असणार.

सासूबाईंना एक काम द्या, रोज एक जुनी गोष्ट सांगायची, त्यांच्या लहानपणची, दुष्काळाची, प्लेगमध्ये गाव सोडलेल्या त्यांच्या आजी-पणजीची, त्यात देव कुठं दिसला ते. त्या मग पोरं बिघडली म्हणायचं विसरतील, निदान गोष्ट संपेपर्यंत.

धाकटीसाठी चौकटीची वही आणि जाड पेन्सिल आणा, रोज देवनागरीतली दोन अक्षरं, पहिलं "ये" आणि "शू" चालेल, तिच्या नावातली दोन त्याच्यानंतर. मुलाला मात्र वही देऊ नका, त्याला अपमान वाटेल. त्याला म्हणा, बहिणीला तू शिकव. शिकवताना आपोआप येईल त्याला, आणि दोघं कन्नडात भांडतील त्यावरनं, भांडू दे.